थ्रॉटल सेन्सरचा दोष नेमका शोधणारी मालवणची कार्यशाळा
आमच्या होडीचे आउटबोर्ड इंजिन गचके देऊन कमी फेऱ्यांवरच अडकू लागले, तेव्हा आधीच्या मेकॅनिकने काहीही न तपासता थ्रॉटल सेन्सर (इंजिनात हवा सोडणारी थ्रॉटलची झडप किती उघडली आहे, हे व्होल्टेजच्या सिग्नलने कळवणारा भाग) बदलला आणि दोष तसाच राहिला. मालवण बंदराजवळच्या या कार्यशाळेत मात्र आधी व्होल्टेज मोजणारा मल्टीमीटर लावला गेला. पुरवठ्याचे 5 व्होल्ट बरोबर मिळत होते, पण थ्रॉटल हळूहळू उघडताना सिग्नलचा व्होल्टेज सलग चढण्याऐवजी मध्येच शून्यावर कोसळत होता. कनेक्टर उघडल्यावर एका पिनवर खाऱ्या पाण्याने चढलेला हिरवा कळंक दिसला. पिन साफ करून, सैल तार नव्याने जोडून त्यांनी ओलावा आत शिरू न देणारे डायइलेक्ट्रिक ग्रीस भरले. नवा सेन्सर गळ्यात मारण्याऐवजी दोषाच्या मुळाशी जाणारे असे कारागीर दुर्मीळच. कामाला संध्याकाळ झाली, तरी खाडीत पूर्ण वेगाने चाचणी घेतल्याशिवाय त्यांनी पैसे घेतले नाहीत.