पिकलिंगचं लिक्विड इनहिबिटर: थंड अ‍ॅसिडला झकास, गरम टाकीत जेमतेम

एमएसचे (माइल्ड स्टीलचे) जॉब हायड्रोक्लोरिकमध्ये पिकल करायला, म्हणजे अ‍ॅसिडमध्ये बुडवून गंज आणि स्केल (वरची ऑक्साइडची पापडी) काढायला, हे क्वाटर्नरी अमोनियमवालं (धन भाराच्या रेणूंचं) लिक्विड इनहिबिटर म्हणून, म्हणजे अ‍ॅसिडने खालचं लोखंड खाऊ नये म्हणून, वापरतोय, आधी साधं हेक्झामिन टाकायचो, काम तेही करतं पण अ‍ॅसिडमध्ये हळूहळू फुटून त्यातून फॉर्मल्डिहाइड सुटतं आणि टाकीपाशी डोळे चुरचुरतात. इथे ती कटकट नाही.

साध्या तापमानाला १५% अ‍ॅसिडमध्ये रिझल्ट एकदम भारी. बुडबुडे कमी, त्यामुळे धूरही कमी, स्केल निघतो पण खालचं लोखंड खाल्लं जात नाही. गंमत अशी की अ‍ॅसिडमधले क्लोराइड आयन आधी स्टीलवर बसतात आणि त्यांच्या ऋण भारावर हे धन भाराचे रेणू येऊन चिकटतात, कार्बनची लांब शेपटी पाण्याला लांब ठेवते. म्हणूनच सल्फ्युरिकमध्ये हेच लिक्विड तेवढं चालत नाही, तिथे थोडं पोटॅशियम आयोडाइड जोडीला दिलं की फरक पडतो. पण सल्फ्युरिकची टाकी ६०-७० डिग्रीला चालवतात, आणि गरम झालं की चिकटलेले रेणू सुटायला लागतात, तिथे माझं मत फारसं चांगलं नाही.

डब्यावर ‘९५% संरक्षण’ छापलंय, कुठल्या तापमानाला, किती तासांत, काही पत्ता नाही! असल्या आकड्यावर जाऊ नका, स्वतः तपासा. एकाच पत्र्याचे दोन तुकडे घासून वजन करा, एक नुसत्या अ‍ॅसिडमध्ये, एक इनहिबिटरवाल्यात, सारखाच वेळ. पहिल्याचं १०० मिलिग्रॅम गेलं आणि दुसऱ्याचं १० तर ९०%, इतकं सोपं आहे. आणि हे वापरातल्या अ‍ॅसिडमध्ये करा, ताज्या नाही, कारण गंज विरघळून फेरिक आयन वाढले की ते स्वतःच लोखंड खातात आणि तिथे इनहिबिटरचा जोर कमी पडतो. मग लोक डोस वाढवत बसतात, पण पृष्ठभाग एकदा भरला की जादाचं लिक्विड नुसतं वाया.

हाय टेन्साइल बोल्टवाल्यांनी मात्र जपून, लोखंड कमी खाल्लं गेलं म्हणजे हायड्रोजन आत शिरलाच नाही असं नसतं, आणि तो शिरला की असं कडक स्टील ठिसूळ होतं. पुढे प्लेटिंग असेल तर धुवायला कंजूषी नको, इनहिबिटरचा थर राहिला तर प्लेटिंग सुटतं. पाचपैकी साडेतीन, तेही फक्त थंड हायड्रोक्लोरिकसाठी.