भामटा सुधारलेला चालेल का? कुगेल आणि मॉइस्ट यांच्यात निवड करताना

फँटसी वाचायची आहे, पण हरवलेला राजपुत्र, प्राचीन भविष्यवाणी आणि जगाच्या रक्षणासाठी निघालेला सज्जनांचा तांडा यांचा आता कंटाळा आला आहे, असे म्हणणाऱ्या वाचकापुढे मी दोन पुस्तके ठेवते. एक आहे जॅक व्हान्स या अमेरिकन लेखकाचे १९६६ सालचे 'द आईज ऑफ द ओव्हरवर्ल्ड' आणि दुसरे टेरी प्रॅचेट या ब्रिटिश लेखकाचे २००४ सालचे 'गोइंग पोस्टल'. दोन्ही विनोदी आहेत, दोन्हींचा नायक अट्टल भामटा आहे आणि दोन्हींचा आरंभ विलक्षण सारखा आहे. तरीही एक आवडलेल्याला दुसरे आवडेलच असे नाही, म्हणून आधी कोणते घ्यावे याचा नीट विचार करायला हवा.

व्हान्सचा कुगेल जत्रेत ताईत विकतो. शेजारच्या दुकानदाराच्या चिथावणीवरून तो युकाउनू नावाच्या जादूगाराचा वाडा लुटायला जातो आणि मुद्देमालासह सापडतो. शिक्षा म्हणून जादूगार त्याला एक जांभळे भिंग आणण्यासाठी दूर उत्तरेला फेकून देतो, आणि त्याने वाटेत रेंगाळू नये म्हणून त्याच्या पोटात फर्क्स नावाचा काटेरी जीव सोडतो, जो त्याचे यकृत आवळून धरतो. प्रॅचेटचा मॉइस्ट फॉन लिपविग हा बनावट हुंड्या, खोट्या अंगठ्या आणि गोड बोलणे यांवर जगणारा माणूस आहे. त्याला फाशी दिली जाते, पण जीव जाणार नाही इतक्या बेताने. तो शुद्धीवर आल्यावर शहराचा शासक लॉर्ड व्हेटिनरी त्याला सांगतो की बंद पडलेले टपाल खाते चालू कर, नाहीतर त्या दारातून खुशाल निघून जा. दारापलीकडे खोल खड्डा असतो. त्याच्यावर नजर ठेवायला मिस्टर पंप हा गोलेम नेमला जातो. गोलेम म्हणजे भाजलेल्या मातीचा जिवंत पुतळा, ज्याला झोप नाही आणि थकवाही नाही.

दोन्ही लेखकांचा स्वभाव या पहारेकऱ्यांतच दिसतो. फर्क्सला कुगेलच्या पापपुण्याशी काही देणेघेणे नाही. त्याचा साथीदार जादूगाराच्या वाड्यात आहे आणि त्याला त्याच्याकडे परतायचे आहे, एवढ्यासाठीच तो कळा आणतो. मिस्टर पंप मात्र बोलतो, हिशेब ठेवतो आणि वेळ आली की तो हिशेब समोर मांडतो. कुगेलला फक्त वेदना मिळते, मॉइस्टला वेदनेबरोबर आरसाही मिळतो. म्हणून निवड करणाऱ्याने स्वतःला एकच प्रश्न विचारावा, असे मला वाटते : शेवटी सुधारलेला भामटा तुम्हाला चालेल का, की भामटा भामटाच राहायला हवा?

भामटाच हवा असेल तर कुगेलला तोड नाही. व्हान्सचे जग म्हणजे अखेरची घटका मोजणारी पृथ्वी आहे. सूर्य लालसर, म्हातारा झाला आहे आणि कोणत्याही दिवशी विझेल, त्यामुळे कोणालाही कसलीही लाज उरलेली नाही, पण शिष्टाचार मात्र सगळ्यांनी जिवापाड जपला आहे. दरोडेखोरसुद्धा वकिलासारखा काटेकोर आणि दरबाऱ्यासारखा अदबशीर बोलतो. ही गंमत आपल्याला परकी वाटू नये. 'मृच्छकटिका'तील शर्विलक चारुदत्ताच्या भिंतीला भगदाड पाडण्याआधी ते कोणत्या आकाराचे असावे याचा शास्त्रार्थ करतो आणि मोजायची दोरी विसरला म्हणून जानव्याने माप घेतो. तो प्रसंग ज्याला आवडतो त्याला कुगेलची भाषा आवडणारच.

पुस्तकाच्या सुरुवातीच्या भागातला स्मोलोड गावचा प्रसंग पाहा. गाव म्हणजे चिखल आणि मोडकळीला आलेल्या झोपड्या. माणसे मळकट, जेवण म्हणजे जाडीभरडी पेज. पण प्रत्येकाच्या डोळ्यांवर जांभळी भिंगे आहेत आणि त्या भिंगांतून प्रत्येकाला आपण संगमरवरी महालात राहणारे सरदार आहोत असे दिसते. शेजारच्या गावचे लोक या 'सरदारां'साठी अर्धे आयुष्य शेतात राबतात, कारण एखादा सरदार मेला की रिकामी झालेली भिंगे त्यांच्यापैकी एकाला मिळणार असतात. कुगेल तिथे पोचतो तेव्हा रांगेत एक माणूस पहिला उभा आहे, आणि कुगेल त्याची जागा बोलबोलता बळकावतो. वाचताना आपण हसतो, आणि लगेच लक्षात येते की अर्धे आयुष्य राबलेल्या माणसाची फसवणूक पाहून आपण हसलो. ती अस्वस्थता व्हान्स कुठेही पुसून टाकत नाही. पुढे एका जादूगाराने पाचशे वर्षांच्या खटपटीने जवळ ओढून आणलेला एक अद्भुत जीव भुकेला कुगेल विस्तवावर भाजून खाऊन टाकतो. त्या प्रसंगाइतका निर्दय आणि तरीही इतका हसवणारा प्रसंग मला फँटसीत दुसरा माहीत नाही.

याची किंमतही सांगायला हवी. याच पुस्तकात कुगेल आपल्यासोबत असलेल्या डेरवी कोरेमी या तरुणीला जंगलातल्या लुटारूंच्या हवाली करतो, आणि बदल्यात त्याला मिळते ती फक्त पुढच्या वाटेची माहिती. तिथे हसू येत नाही. व्हान्स त्याबद्दल कुगेलला दोष देणारे एक वाक्यही लिहीत नाही. काही वाचक याला लेखकाचा बेदरकारपणा म्हणतील. माझ्या मते ती त्याच्या विनोदाची खरी मर्यादा आहे आणि आजच्या वाचकाने ती आधीच ठाऊक असू देऊन पुस्तक उघडावे.

मॉइस्टची गोष्ट नेमकी या जागी वेगळे वळण घेते. आपण कधी तलवार उपसली नाही, कोणाला इजा केली नाही, असे तो मोठ्या खात्रीने सांगतो. त्यावर मिस्टर पंप त्याला सांगतो की मी गणित केले आहे, तू २.३३८ माणसे मारली आहेस. बुडालेले धंदे, गेलेल्या नोकऱ्या, तोंडचे काढून घेतलेले घास यांनी कोणाचे आयुष्य किती कमी झाले याची ती बेरीज आहे. दशांशचिन्हानंतरचे तीन आकडे हसवतात आणि त्याच क्षणी घशात अडकतात. पुढे मॉइस्ट ज्या तरुणीच्या प्रेमात पडतो, तिची बँकेतली नोकरी त्याच्याच बनावट कागदांमुळे गेलेली असते, म्हणजे तो आकडा हाडामांसाचा होऊन त्याच्यासमोर उभा राहतो.

पण हे पुस्तक प्रवचन नाही, कारण मॉइस्ट टपाल खाते चालवतो तेसुद्धा भामटेगिरीच्याच कौशल्याने. छतापर्यंत साचलेल्या, कधीच न पोचलेल्या पत्रांच्या ढिगाऱ्यात तो सोनेरी पोशाख चढवून उभा राहतो, लोकांना अशक्य वचने देतो, तिकिटे छापून काढतो आणि ती तिकिटेच पैशासारखी हातोहात फिरू लागतात. विश्वास हेच ठकाचे भांडवल असते आणि टपालाचेही, हे प्रॅचेटने फार नेमके हेरले आहे. मॉइस्टसमोर उभा असलेला रीचर गिल्ट हाही ठकच आहे, पण क्लॅक्स नावाची मनोऱ्यांवरून संदेश पाठवणारी आख्खी कंपनी गिळंकृत करणारा ठक. त्याच मनोऱ्यांवरचे कामगार मृत सहकाऱ्याचे नाव या मनोऱ्यावरून त्या मनोऱ्यावर अखंड फिरते ठेवतात. २०१५ मध्ये प्रॅचेट गेले तेव्हा वाचकांनी इंटरनेटवरच्या संकेतस्थळांत त्यांचे नाव तसेच फिरते ठेवले. ठकाच्या कथेतून वाचकांत असा जिव्हाळा निर्माण व्हावा, हे मला आजही थोर वाटते.

व्यवहाराचे सांगायचे तर व्हान्सचे पुस्तक लहान आहे, सुटे सुटे प्रसंग एका प्रवासात ओवलेले आहेत आणि रोज एक वाचला तरी चालतो. मात्र इंग्रजी शब्दसंपदा अवघड आहे आणि शब्दकोश जवळ ठेवावा लागेल. प्रॅचेटचे पुस्तक बरेच मोठे असले तरी भर्रकन वाचून होते. ते ज्या डिस्कवर्ल्ड मालिकेतले आहे तिच्यात ४१ कादंबऱ्या आहेत म्हणून बिचकण्याचे कारण नाही. मॉइस्टची ही पहिलीच गोष्ट आहे आणि आधीचे काही न वाचताही ती पूर्ण समजते.

फँटसीत नवख्या असलेल्या वाचकाला, आणि माणसे बदलू शकतात यावर ज्याचा जीव आहे त्याला, मी 'गोइंग पोस्टल' आधी देईन. मग मॉइस्टचीच पुढची गोष्ट, 'मेकिंग मनी'. भाषेसाठी वाचणाऱ्याने मात्र थेट कुगेलकडे जावे. स्मोलोडपर्यंतची पाने वाचावीत. तिथे हसू आले नाही किंवा कुगेलचा नुसता संतापच आला, तर पुस्तक निःसंकोच मिटावे, कारण तो पुढे यापेक्षा चांगला वागत नाही. हसू आले, तर १९८३ सालचे 'कुगेल्स सागा'ही लगोलग मागवून ठेवावे.