गिनीपिग गंभीर आजारी: उपचार, घरची शुश्रूषा की दयामरण?

व्हेटने एक्स-रे बघून "आता तुम्हीच ठरवा" म्हटलं की समोर तीन वाटा असतात: जोर लावून उपचार, वेदना कमी ठेवून घरी सांभाळणं, किंवा दयामरण. चौथीही एक आहे, "जाईल तेव्हा आपोआप जाईल". घरोघरी तीच निवडली जाते, आणि गिनीपिगसाठी तीच सगळ्यांत वाईट. त्याचं आतडं सतत चालू राहावं लागतं. 12 ते 24 तास खाणं बंद झालं की आतडं मंदावतं, वायू धरतो, यकृतात चरबी साठू लागते. त्यामुळे त्याचं "नैसर्गिक मरण" बहुतेक वेळा उपासमारीचं असतं, आणि शिकार होणारा प्राणी असल्याने तो ते गुपचूप सोसतो.

वरून सारखं, आतून वेगळं

ठरवण्याआधी निदान पक्कं करा. बरा होणारा आजार आणि न होणारा आजार पुष्कळदा सारखेच दिसतात.

मागचे पाय ओढणारा गिनीपिग घ्या. गिनीपिगच्या शरीरात क जीवनसत्त्व तयार होत नाही. सशाच्या खाद्यावर किंवा दुकानात महिनोन्महिने पडून राहिलेल्या पेलेटवर (गोळ्यांच्या खाद्यावर) वाढलेल्याचे सांधे सुजतात, उचललं की तो किंचाळतो, जागचा हलत नाही. बघणाऱ्याला वाटतं लकवा झाला. व्हेटच्या सल्ल्याने किलोमागे रोज 30 ते 50 मिलिग्रॅम क जीवनसत्त्व तोंडावाटे दिलं (पाण्याच्या बाटलीत टाकून नव्हे, तिथे ते लवकर निकामी होतं), तर साधारण आठवड्याभरात तो पाय टाकू लागतो. उलट, मुलाच्या हातून पडून मणका मोडला असेल तर पायाच्या बोटाला जोरात चिमटा काढूनही त्याला कळत नाही आणि लघवीवर ताबा राहत नाही. पहिल्याला दयामरण देणं म्हणजे घाई, दुसऱ्याला महिनाभर ठेवणं म्हणजे हाल.

खाणं सुटलं असेल तर आधी दाढा. त्या आयुष्यभर वाढतात, आणि खालच्या आत वळल्या की जिभेवर कमान धरतात. असा गिनीपिग कोथिंबिरीकडे धावत येतो, काडी तोंडात घेतो, चावायचा प्रयत्न करतो आणि टाकून देतो. हनुवटी लाळेने ओली असते. भूल देऊन दाढा घासल्या की कित्येक जण पुन्हा खातात, पण अनेकांना दर 4 ते 8 आठवड्यांनी तेच करावं लागतं. इथे मोजायचं ते एवढंच: दोन घासण्यांच्या मध्ये तो किती दिवस स्वतः खातो? निम्म्याहून जास्त दिवस सिरिंजने खाऊ घालण्यातच जात असतील, किंवा एक्स-रेत दाढांची मुळं जबड्यातून डोळ्याच्या खोबणीकडे वाढलेली दिसत असतील, तर पुढची भूल टाळलेली बरी.

पोट ढोलासारखं ताठ, कान थंड, अंग गोळा करून कोपऱ्यात बसलेला, हा प्रश्न तासांचा आहे. अशा वेळी सिरिंजने खाणं भरू नका, आतला दाब वाढतो. नुसता वायू असेल तर औषधाने आणि सलाईनने वाचू शकतो. जठराला पीळ पडला असेल तर शस्त्रक्रियेतून वाचणारे फार थोडे, आणि त्याच दिवशी दयामरण हा योग्य सल्ला ठरतो.

मानेखालची एकच गाठ अनेकदा पू धरलेली असते आणि काढता येते. मान, काख, जांघ अशा अनेक ठिकाणी एकदम गाठी आल्या तर लिम्फोमाचा (लसिकाग्रंथींच्या कर्करोगाचा) संशय धरतात. सुईने नमुना घेतल्यावर बरंचसं कळतं, आणि लिम्फोमा निघाला तर हातात फार काळ नसतो.

उपचार की शुश्रूषा

उपचारांचा खरा भार औषधांपेक्षा खाऊ घालण्याचा आहे. आजारी प्राण्यांसाठीच्या खाद्य-पावडरचं किंवा भिजवलेल्या पेलेटचं पातळ मिश्रण किलोमागे दिवसाला 50 ते 80 मिलि, 4 ते 6 वेळा विभागून. 900 ग्रॅमच्या प्राण्याला ते रोज निदान 45 मिलि होतं. 1 मिलिच्या सिरिंजने, पुढच्या दातांच्या मागून, बाजूने, गिळेल तसं. दोघंही दिवसभर ऑफिसात असाल तर हे जमेल का, हे आधी प्रामाणिकपणे बघा. पैशांचा विचार करण्यातही लाज नाही. कुत्र्या-मांजरांच्या डॉक्टरने अमॉक्सिसिलिन तोंडावाटे लिहून दिलं तर मात्र थांबवा. पेनिसिलिन गटाच्या अशा औषधांनी गिनीपिगच्या आतड्यातले उपयोगी जंतू मरतात आणि तो विषबाधेने दगावू शकतो.

घरची शुश्रूषा म्हाताऱ्या, सांधे धरलेल्या, हृदयाचा आजार असलेल्या पण स्वतः खाणाऱ्या गिनीपिगसाठी चांगली. रोज वेदनाशामक, सपाट पिंजरा, मऊ अंथरूण, हाताशी गवत. पावसाळ्यात मागची बाजू दिवसातून दोनदा तपासा. ओली, घाण राहिली तर माश्या अंडी घालतात आणि अळ्या पाहता पाहता कातडीत शिरतात.

दोन्ही वाटांवर आधीच मुदत ठरवा, साधारण 48 ते 72 तासांची. रोज एकाच वेळी स्वयंपाकघरातल्या डिजिटल काट्यावर वजन घ्या. 30-40 ग्रॅमचा चढउतार चालतो, दहा टक्के घट म्हणजे त्याच दिवशी व्हेट. सिरिंजने पूर्ण मात्रा जाते, वेदनाशामक पूर्ण जातं, तरी वजन घसरतं, दात करकरतात, फ्रिज उघडल्याच्या आवाजाला एरवी येणारी त्याची शीळ येत नाही: मुदत संपली समजा. तोंड उघडं ठेवून श्वास घेत असेल आणि ऑक्सिजन देऊनही फरक नसेल, तर सकाळची वाट बघू नका.

अमेरिकन पशुवैद्य डॉ. अ‍ॅलिस व्हिलालोबोस यांची गुणपट्टी अनेक जण वापरतात: वेदना, भूक, पाणी, स्वच्छता, आनंद, हालचाल, चांगले दिवस. प्रत्येकी 10 गुण, 35 च्या वर ठीक. ती मुळात कुत्र्या-मांजरांसाठी आहे. गिनीपिगची भूक शून्य असेल तर बाकी सहांची बेरीज कितीही येवो, तिच्यावर विसंबू नका.

दयामरण कसं करतात, हे आधी विचारा

गिनीपिगच्या शिरा फार बारीक असतात. म्हणून आधी गॅसने किंवा इंजेक्शनने पूर्ण भूल, मगच पेंटोबार्बिटल किंवा थायोपेंटोनचा जादा डोस पोटात किंवा हृदयात. हृदयातलं इंजेक्शन शुद्धीत असताना कधीही नको. "आधी भूल देता ना?" याला सरळ हो आलं नाही तर दुसरा दवाखाना बघा. डोळे उघडेच राहतात, एखादा आचका येतो, लघवी होते. तेव्हा त्याला काही जाणवत नसतं. स्टेथोस्कोपने हृदय थांबल्याची खात्री करून घ्या. माणसांच्या झोपेच्या गोळ्या किंवा फ्रीजर, यांतलं काहीही घरी करू नका.

जोडीदार असेल तर देह तासभर त्याच्या पिंजऱ्यात ठेवा, हुंगू द्या. नंतर दोन आठवडे त्याचंही वजन बघा, कारण काही जण खाणं सोडतात. पुरायचं असेल तर निदान तीन फूट खोल: औषध देहात टिकून राहतं, आणि उकरून खाणारं कुत्रं त्याने मरू शकतं. फ्लॅटमध्ये राहत असाल तर दहनाची सोय आहे का, हे दवाखान्यात वेळ ठरवतानाच विचारून घ्या.