चिप की चीप?

शिरोली एमआयडीसीत मशीनशॉपला आहे, क्वालिटी बघतो. परदेशातल्या गिऱ्हाइकाचे फोनही माझ्याच गळ्यात. दोन वर्षांमागं एकजण म्हणाला, तुमचे पार्ट ‘चिप्ड’ आहेत. मला ऐकू आलं ‘चीप’. मी खुशीत, “येस सर, बेस्ट रेट!” कडा उडालेले ४० नग परत आले, भाडं आमच्या बोकांडी.

म्हणून राजारामपुरीतल्या एका क्लासात इंग्रजी स्वर ऐकायचा कॉम्प्युटर कोर्स केला. २० तास, अडीच हजार. हेडफोनात शब्द वाजतो, स्क्रीनवर दोन चौकोन: ‘शिप’ की ‘शीप’? चुकलं की लाल दिवा, आणि तोच शब्द परत. पहिल्या दिवशी ५० पैकी २६ बरोबर. नाणं उडवलं असतं तरी तेवढेच आले असते.

घोळ कुठं होता ते आठवड्यानं कळलं. मी आपला ऱ्हस्व-दीर्घ मोजत बसलेलो. लांब वाजलं की ‘ई’. पण शेवटी ‘ड’ आला की इंग्रजीत आधीचा स्वर ताणला जातो, ‘ट’ आला की आखडतो. त्यामुळं ‘बिड’मधला इ ‘बीट’मधल्या ई एवढा लांब वाजू शकतो. खरा फरक जिभेचा. ‘ई’ला ती वर, पुढं, ‘इ’ला जरा खाली, सैल. शाळेत वेलांट्यांपायी छड्या खाल्ल्या, पण बोलताना ‘पाणी’तली णी लांब की आखूड, कोण ऐकतंय? ‘बॅड-बेड’ मात्र पहिल्या फटक्यात जमलं. ॲ आणि ऑ आपण कधीच मुरवून घेतलेत.

आवाज बायांचे, बाप्यांचे, एक म्हातारा पण. आधी वैताग आला. पण एकाच मास्तरचा आवाज असता तर कान त्यालाच सरावला असता. इंडियाना विद्यापीठातल्या संशोधकांनी जपानी लोकांना ‘र’-‘ल’ ऐकायला शिकवताना असेच अनेक आवाज वापरले होते, त्यांचा लेख १९९१चा.

हेडफोन भंगार. माझा एकाच कानात वाजायचा. सांगितलं तर मॅडम म्हणतात, “एका कानानं भागतंय की!” आपला घेऊन जा. आणि सगळे शब्द सुटे. फोनवर सुटा शब्द कोण बोलतंय?

शेवटी ५० पैकी ४३. बोलताना माझं अजून ‘चिप’ आन् ‘चीप’ एकच.

गेल्या मंगळवारी त्याच गिऱ्हाइकाचा फोन. ‘रिम’ म्हणजे कड, ‘रीम’ म्हणजे भोकाला रीमर मारायचा, भोक घासून नेमक्या मापाचं करायचं. तो ‘रिम’ म्हणाला, बरोबर कळलं. तरी मेलवर लिहून घेतलंच.