ब्लॉकचेनवर जमिनीचे कागद: कोल्हापुरात घेतलेल्या सर्व्हिसचा रिव्ह्यू

राजारामपुरीत एका कंपनीचं ऑफिस आहे, ते तुमच्या जमिनीचे आणि घराचे कागद "ब्लॉकचेनवर चढवून" देतात. ब्लॉकचेन म्हणजे एकाच वेळी अनेक कॉम्प्युटरांवर ठेवलेली, मागं जाऊन बदलता न येणारी नोंदवही. नाव घेत नाही, कारण कंपनी कुठलीही असली तरी मी खाली जे लिहितोय ते तसंच लागू होणार. आमचं करवीर तालुक्यातलं उसाचं रान आणि पेठेतलं घर, दोन्हीचे कागद त्यांच्याकडं दिले. फी साडेचार हजार आणि पुढं दरवर्षी रिन्यूअल. माझं रेटिंग अडीच स्टार. टेक्नॉलॉजी खरंच भारी आहे, अडीच तिचेच, पण ज्या शब्दांत ती विकतात ते मला अजिबात पटलेलं नाही.

काम कसं करतात ते आधी. तुम्ही सातबारा, आठ अ, प्रॉपर्टी कार्ड, खरेदीखत, सूची दोन असं सगळं पीडीएफमध्ये द्यायचं. प्रत्येक फाईलचा ते हॅश काढतात, म्हणजे एका फॉर्म्युल्यातून (एसएचए-२५६ म्हणतात त्याला) फाईल घातली की ६४ अक्षरा-आकड्यांची एक ओळ बाहेर पडते. ती ओळ पब्लिक ब्लॉकचेनवर तारीख-वेळेसकट नोंदवतात आणि तुम्हाला क्यूआर कोडवालं सर्टिफिकेट देतात. ऑफिसातला पोरगा बोलायला चांगला होता, नीट समजावून सांगितलं त्यानं, चहा पण पाजला. "एकदा चढलं की कुणाचा बाप बदलू शकत नाही" असं म्हणाला, आणि ते खरंच आहे. मी घरी येऊन खरेदीखताच्या पीडीएफची कॉपी केली, त्यात गट नंबरातला एकच आकडा बदलला आणि ॲपमध्ये टाकली, लगेच लाल. मूळ फाईल टाकली की हिरवी टिक. मागच्या तारखेनं कागद तयार करून आणणाऱ्यांचा आपल्याकडं जो त्रास आहे त्यावर हे जबरदस्त औषध आहे, ह्यात मला शंका नाही.

आता अडचणी. पहिली एकदम साधी, पण त्यांनी सांगितली नव्हती. महाभूमी ह्या सरकारी वेबसाइटवरून डिजिटल सहीचा सातबारा पुन्हा डाउनलोड केला, तोच गट, त्याच नोंदी, तरी ॲप लाल दाखवतंय! कारण दर डाउनलोडला तारीख-वेळ आणि पडताळणी क्रमांक नवा येतो, म्हणजे फाईल वेगळी, म्हणजे हॅश वेगळा. खरेदीखत परत स्कॅन केलं तरी तेच होतं. म्हणजे त्यांना दिलेली ती एकच मूळ फाईल तुम्ही जिवापाड जपायची, ती गेली की सर्टिफिकेटचा उपयोग शून्य.

ह्यावरून त्यांचं महापुराचं बोलणं आठवलं, त्याचा मला राग आला. २०१९ आणि २०२१ ला पंचगंगेनं काय केलं ते आपण सगळ्यांनी बघितलंय, कपाटातली खरेदीखतं भिजून ज्यांच्या कागदांचा लगदा झाला अशी माणसं माझ्या ओळखीत आहेत. ह्यांचा पोरगा म्हणतो "पूर आला तरी तुमचे कागद ब्लॉकचेनवर सेफ". अहो ब्लॉकचेनवर कागद नसतोच, ६४ अक्षरांची ओळ असते, त्या ओळीवरून कागद परत तयार होत नाही! कागदाची कॉपी त्यांच्या सर्व्हरवर असते, आणि रिन्यूअल थांबवलं की ती किती दिवस ठेवणार हे ॲग्रीमेंटमध्ये कुठंच लिहिलेलं नाही. पुराची भीती असेल तर रजिस्टर ऑफिसातून दस्ताची सर्टिफाइड कॉपी काढा, एक पावण्यांच्या गावी ठेवा.

पण माझा खरा मुद्दा वेगळा आहे. आमचे आजोबा गेले तेव्हा वारसनोंदीत फक्त बाबा आणि चुलत्यांची नावं लागली, दोघी आत्तींची लागली नाहीत. गावाकडं किती घरात असं झालंय ते तुम्हाला माहितीये. आत्तींनी कधी तोंडातून शब्द काढला नाही, पण हक्क त्यांचा आहे, हिंदू वारसा कायद्यातल्या २००५ च्या दुरुस्तीनंतर तर वडिलोपार्जितमध्ये मुलगी मुलाच्या बरोबरीची. बाबा आणि चुलत्यांनी आता ती नावं लावायला अर्ज केलाय, फेरफार, म्हणजे नाव बदलाची नोंद, अजून मंजूर व्हायचाय. आणि ह्या कंपनीनं आमचा जुना सातबारा घेऊन त्यावर "टायटल व्हेरिफाइड, मालक दोन" (म्हणजे मालकी हक्क तपासला) असं सर्टिफिकेट छापून दिलं! वारस कोण, बहिणी आहेत का, वाटणी झालीय का, एक प्रश्न विचारला नाही. व्हेरिफाय काय केलं तर ही फाईल त्या दिवशी अशी होती, एवढंच. आत्तींची नावं नसलेल्या कागदाचा हॅश कधीच पुसता येणार नाही अशा ठिकाणी बसला आणि त्यावर हिरवी टिक लागली. ते सर्टिफिकेट आत्तींच्या हातात द्यायला मला लाज वाटेल.

सातबारा ही महसुली नोंद आहे, तीच मुळात मालकीचा शेवटचा पुरावा नाही. महसूल अधिनियमाच्या कलम १५७ मध्ये म्हटलंय की उलट सिद्ध होईपर्यंत नोंद खरी धरायची, उलट सिद्ध होऊ शकतं हे त्यातच आलं. दस्त रजिस्टर झाला तरी तो करून देणाऱ्याला विकायचा हक्क होता का ते रजिस्ट्रार ठरवत नाही. मग त्याच कागदाचा हॅश काढून टायटल पक्कं कसं होईल?

बोजाचंही तसंच. आमच्या सातबाऱ्यावर नंतर सोसायटीच्या पीककर्जाचा बोजा चढला, इतर हक्कात स्पष्ट दिसतोय, आणि ॲपवर जुन्या फाईलची टिक अजून हिरवीगार. उद्या पाचगाव-कळंब्याकडं प्लॉट घेणाऱ्या कुणाला अशी टिक दाखवून इसार घेतला तर? माणूस क्यूआर स्कॅन करून निर्धास्त होणार.

मी ब्लॉकचेनच्या विरोधात नाही, उलट मला हे मनापासून हवंय, फक्त योग्य जागी. आपली फेरफाराची पद्धत बघा, गाव नमुना सहामध्ये एकामागं एक नंबरानं नोंदी, आणि सातबाऱ्यावर त्या फेरफारांचे नंबर, म्हणजे साखळी आपल्याकडं आधीपासून आहे. सरकारनं ई-फेरफारची प्रत्येक नोंद, नोटीस, हरकत, मंडल अधिकाऱ्याची मंजुरी, ज्या क्षणी होईल त्या क्षणी अशी गोठवली तर मागं जाऊन कुणाला हात लावता येणार नाही. जॉर्जिया देशानं २०१६ ला असंच काम हातात घेतलं, पण तिथं जमीन नोंदणीचं सरकारी खातं स्वतः त्यात होतं आणि त्यांचं रेकॉर्ड आधीच बऱ्यापैकी साफ होतं. होंडुरासमध्ये २०१५ ला मोठी घोषणा झाली आणि काम तिथंच अडकलं. आपल्या सुप्रीम कोर्टानंही नोव्हेंबर २०२५ मध्ये बिहारच्या दस्त नोंदणीच्या केसमध्ये ब्लॉकचेनचा विषय काढून लॉ कमिशननं अभ्यास करावा असं म्हटलंय. तो अभ्यास होईल तेव्हा होईल, पण त्यात बहिणींच्या नावांचा प्रश्न आधी सोडवा अशी माझी कळकळीची विनंती आहे.

तोवर पैसे कुठं घालायचे ते सांगतो. जमीन घेताय तर महाभूमीवरून १५ रुपयांत त्या दिवशीचा ताजा सातबारा काढा, इतर हक्काचा रकाना आणि प्रलंबित फेरफार वाचा, वकिलाकडून मागच्या ३० वर्षांच्या दस्तांचा सर्च घ्या, विकणाऱ्याच्या बहिणी-आत्या कोण ते गावात जाऊन विचारा. आणि ज्यांनी माझ्यासारखी ही सर्व्हिस आधीच घेतलीय त्यांनी कंपनीकडून मूळ फाईल, हॅश आणि ट्रान्झॅक्शन आयडी तिन्ही मागून घ्या, ते तुमचं आहे. हॅश जुळतोय का बघायला त्यांचं ॲप लागत नाही, विंडोजमध्ये सर्टयुटिल (certutil) म्हणून कमांड आधीपासूनच असते, फुकटात होतं. मला तिन्ही गोष्टी मिळाल्या, मागितल्यावर दिल्या त्यांनी, रिन्यूअल मी भरणार नाही. सर्टिफिकेटवरचा "टायटल व्हेरिफाइड" हा शब्द काढून "अमुक तारखेची फाईल" असं लिहा म्हणून लेखी मेल केलाय, अजून उत्तर नाही, आलं की इथं टाकतो.