सोरायसिसचे निदान चोख, प्रकाशोपचाराच्या वेळा मात्र गैरसोयीच्या

त्वचारोगाच्या दवाखान्याची पारख तेथे रुग्णाला किती नीट तपासले जाते यावरूनच करावी, आणि त्या बाबतीत हा दवाखाना निश्चितच उजवा आहे. माझ्या सासऱ्यांच्या कोपरांवर व गुडघ्यांवर जाड चट्टे आले होते. औषधाच्या दुकानातून नायट्याचे म्हणून आणलेले मलम ते लावत. त्यात स्टिरॉइड असल्यामुळे चट्टे काही काळ दबत आणि मलम थांबवले की पुन्हा उसळत.

येथील डॉक्टरांनी नुसते कोपर पाहून चिठ्ठी लिहून दिली नाही. डोके, कानामागचा भाग, कंबर, बेंबी आणि हातापायांची नखे त्यांनी उजेडात तपासली. घरात आम्ही ज्याला कोंडा समजत होतो, ते केसांची कड ओलांडून कपाळावर उतरलेले सोरायसिसचे पापुद्रे निघाले. अंगठ्याच्या नखांवर टाचणीने टोचल्यागत बारीक खड्डे होते. काचपट्टीने चट्टा हलकेच खरवडताच रुपेरी भुगा पडला आणि खाली रक्ताचे सूक्ष्म ठिपके उमटले. सावळ्या त्वचेवर हे चट्टे लालभडक न दिसता जांभळट किंवा तपकिरी दिसतात, म्हणून ते ओळखण्यात गफलत होते, असे त्यांनी सांगितले. बुरशी नसल्याची खात्री करण्यासाठी खवले सूक्ष्मदर्शकाखाली पाहिले. सोरायसिससारख्या वाटणाऱ्या इतर त्वचारोगांपैकी लायकेन प्लॅनसचे पुरळ जांभळे, चपटे व अतिशय खाजरे असते, तर सेबोरिक डर्मटायटिसचे खवले तेलकट, पिवळसर असून नाकाच्या कडेला व भुवयांत आढळतात, हा फरकही त्यांनी समजावला.

कारणांविषयी त्यांचे बोलणे मोजके पण नेमके होते. शरीराची प्रतिकारयंत्रणाच त्वचेत दाह निर्माण करते, आणि एरवी सुमारे महिनाभर चालणारे पेशींचे चक्र काही दिवसांतच उरकते. त्याचेच खवले साचतात. मुळाशी आनुवंशिक कल असतो. घशाचा जंतुसंसर्ग, ताण, दारू, धूम्रपान, त्वचेला झालेली इजा किंवा लिथियमसारखी औषधे यांमुळे आजार उफाळू शकतो. सासरे रक्तदाबासाठी बीटा ब्लॉकर घेतात. तेही या यादीत असल्याने डॉक्टरांनी त्यांच्या फिजिशियनसाठी चिठ्ठी दिली, मात्र गोळी परस्पर बंद करू नका, असे बजावले. हा आजार स्पर्शाने पसरत नाही, हेही त्यांनी सासूबाईंना आवर्जून सांगितले. सासूबाईंनी तोवर सासऱ्यांचा टॉवेल वेगळा ठेवला होता.

एक उणीव मात्र मला गंभीर वाटते. नखांत बदल असलेल्या रुग्णांत सोरायसिसच्या संधिवाताची शक्यता अधिक असते, तरीही सकाळी बोटे आखडतात का, टाच दुखते का, हे पहिल्या भेटीत कोणी विचारले नाही. नंतर आम्हीच विषय काढला, तेव्हा संधिवाततज्ज्ञांकडे पाठवले. प्रकाशोपचार, म्हणजे ३११ नॅनोमीटरच्या अतिनील किरणांचा उपचार, आठवड्यातून दोन-तीनदा घ्यावा लागतो, पण त्याच्या वेळा फक्त कामाच्या दिवशी दुपारी आहेत, त्यामुळे नोकरदाराला तो नियमित घेणे अवघड आहे. स्वागतकक्षात चेहरा उजळवण्याच्या पॅकेजचा आग्रह होतो. तो कमी झाला, तर रांगही थोडी लवकर सरकेल.