दात, दान्स आणि 1865 सालचा एक कोश

माझी आई घरात अहिराणीच बोलते. गेल्या महिन्यात ती 'मना दात दुखस' म्हणाली, त्या संध्याकाळी मी रॉबर्ट विल्यम्स या वेल्श धर्मोपदेशकाच्या 'लेक्सिकॉन कॉर्नु-ब्रिटानिकम' या 1865 सालच्या कोशात दातासाठीचा कॉर्निश शब्द मुद्दाम काढून पाहिला. इंग्लंडच्या नैर्ऋत्य टोकाच्या कॉर्नवॉलमधील त्या केल्टिक भाषेत दाताला 'दान्स' म्हणतात, आणि नोंदीत वेल्श व ब्रेटन भाषांतला 'दान्त' सोबतच दिलेला आहे.

भगिनीभाषांची रूपे अशी जवळजवळ ठेवणे, हेच या कोशाचे बळ आहे. शब्दान्तीचा 'न्त' वेल्शने राखला आणि कॉर्निशने त्याचा 'न्स' केला, हे एका दातावरून पटणार नाही. पण वाऱ्यासाठी 'ग्विन्त' आणि 'ग्विन्स', शंभरासाठी 'कान्त' आणि 'कान्स' अशा जोड्या भेटत गेल्या की नियम आपोआप डोळ्यांपुढे उभा राहतो. पुलासाठीचा 'पोन्स' तर लॅटिनमधून उसना आलेला, तरी तोही याच वाटेने गेला; म्हणजे हा बदल ती उसनवारी झाल्यानंतरचा.

संस्कृत 'दन्त'मधला अनुनासिक मराठीत गळला, स्वर लांबला आणि 'दात' झाला. दात आणि दान्स एकाच मुळाचे. कोणी कोणाकडून घेतलेले नाहीत. 'शत' आणि 'कान्स' यांचेही तेच नाते आहे, जरी कानाला ते मुळीच जाणवत नाही. मला स्वतःला हा दुसरा पुरावा अधिक मोलाचा वाटतो, कारण नुसत्या सारखेपणावर व्युत्पत्ती बेतणारा माणूस हमखास फसतो.

उणिवाही सांगितल्या पाहिजेत. 2008 साली ठरलेल्या प्रमाण लेखनात 'कान्स' के या अक्षराने लिहितात, येथे तो सी या अक्षराखाली शोधावा लागतो. 1504 सालच्या हस्तलिखितातील संत मेरियासेकचे कॉर्निश नाटक 1872 साली छापले गेले, त्यामुळे त्यातले शब्द यात नाहीत. नव्या अभ्यासकाने हा एकच कोश प्रमाण मानू नये.

पाने इंटरनेटवर विनामूल्य मिळतात. मी ती धुळ्यातल्या एका दुकानातून छापून शिवून घेतली, पण शिवण इतकी आत गेली की 'दान्स'च्या नोंदीतली ओळींची टोके दोऱ्याखाली दबली आणि मला ती पाने पुन्हा छापावी लागली. छापायला देताना शिवणीच्या बाजूला दोन बोटे समास सोडायला आधीच सांगावे.